न बोलणारा स्पाइक : ‘द लँड बिफोर टाइम’मधल्या छोट्या स्टेगोसॉरसची पार्श्वभूमी

डॉन ब्लूथ यांनी दिग्दर्शित केलेला ‘द लँड बिफोर टाइम’ हा अ‍ॅनिमेशनपट १८ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्यात डायनोसॉरची पाच पिल्लं आहेत. लांब मानेचा लिटलफूट, तीन शिंगांची सेरा, पाण्यात रमणारी डकी, उडायला घाबरणारा पेट्री आणि स्पाइक. पहिली चौघं सतत बोलत असतात. डकीला सापडलेल्या अंड्यातून स्पाइक बाहेर येतो, समोरचा पाला खायला लागतो आणि ६९ मिनिटांच्या चित्रपटात त्याच्या तोंडी एकही संवाद येत नाही.

हा चित्रपट मुळात पूर्णच मूक करायचा विचार होता. स्टीव्हन स्पीलबर्ग आणि जॉर्ज लुकास हे त्याचे कार्यकारी निर्माते. त्यांच्यासमोर नमुना होता डिस्नेच्या १९४० च्या ‘फँटेझिया’मधल्या डायनोसॉरच्या भागाचा. स्ट्राविन्स्कीच्या संगीतावर रचलेल्या त्या भागात एकही शब्द नाही. स्टेगोसॉरस आणि टायरॅनोसॉरसची झुंज होते, स्टेगोसॉरस मरतो आणि हे सगळं केवळ चित्र आणि वाद्यवृंद सांगतात. पण लहान मुलांना चित्रपट आपलासा वाटावा म्हणून पुढे पात्रांना आवाज द्यायचं ठरलं. कथा ज्यूडी फ्रॉइडबर्ग आणि टोनी गाइस या ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या लेखकांनी रचली, पटकथा स्टू क्रीगर यांनी लिहिली. पात्रं बोलू लागली तरी मूळ कल्पनेच्या खुणा राहिल्या. आई गेल्यानंतर लिटलफूट खडकावर पडलेल्या स्वतःच्याच सावलीला आई समजून धावतो, तो प्रसंग ब्लूथ यांनी जवळजवळ सगळा हालचालीवर आणि जेम्स हॉर्नर यांच्या संगीतावर सोडला आहे. स्पाइक हीसुद्धा अशीच एक खूण आहे, असं मानायला जागा आहे.

ब्लूथ यांच्या हाताला हे वळण आधीपासून होतं. १९७९ मध्ये गॅरी गोल्डमन, जॉन पॉमरॉय आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी डिस्ने सोडलं, ते जुन्या हस्तकौशल्याची हेळसांड होते आहे या तक्रारीवरूनच. डिस्नेच्या त्या जुन्या परंपरेत न बोलणाऱ्या पात्राला मोठा मान होता. १९३४ च्या ‘प्लेफुल प्लूटो’त चित्रकार नॉर्म फर्ग्युसन यांनी माशा मारण्याच्या चिकट कागदात अडकलेला प्लूटो रंगवला. कुत्रा थांबतो, विचार करतो, नवी युक्ती लढवतो आणि आणखी अडकतो. पात्र विचार करताना दिसणं म्हणजे काय, हे शिकवायला आजही तो प्रसंग दाखवतात. तीन वर्षांनी आलेल्या ‘स्नो व्हाइट’मधला सातवा बुटका डोपी तर पूर्ण मुका आहे. स्पाइक या घराण्यातला आहे.

मूक पात्राचं काम सोपं असतं, हा समज चुकीचा आहे. बोलणाऱ्या पात्राचा आवाज आधी ध्वनिमुद्रित होतो. मग एकेक अक्षर कितव्या फ्रेमवर पडतं ते एक्सपोजर शीटवर, म्हणजे फ्रेमवार तक्त्यावर, उतरवतात आणि चित्रकाराला त्या कालमापनाचा आधार मिळतो. वाक्यच नसेल तर शीटचा तो रकाना रिकामा असतो. स्टॉपवॉच हातात घेऊन, स्वतः अभिनय करून वेळ ठरवावी लागते. सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरलं तर सेकंदाला १२ चित्रं. स्पाइकने पाल्यावरून नजर उचलून डकीकडे पाहायचं आणि मग चालू लागायचं, एवढ्या कृतीत मधला थांबा फार आखूड ठेवला तर त्याने काही ठरवलं हे प्रेक्षकाला कळतच नाही. लांबवला आणि चित्र तसंच ठेवलं तर पात्र निर्जीव वाटतं. म्हणून थांब्यातही श्वासाने पोट किंचित हलतं, पापणी लवते, म्हणजे पात्र स्थिर राहूनही जिवंत राहतं.

त्यात स्टेगोसॉरसचं शरीर आणखी अडचणी आणतं. चार पाय जमिनीवर, त्यामुळे हातवारे नाहीत. कुत्र्यासारखे कान नाहीत. डोकं लहान आणि खाली. उरतात डोळे, भुवईची जागा, गालांचा फुगवटा आणि मान किती वर उचलली ते. पाठीवरचे पट्टे, म्हणजे उभ्या चपट्या हाडांच्या दोन रांगा, हे वेगळंच संकट. पोट दाबता-ताणता येतं, पट्टे कडक राहिले पाहिजेत. वळताना पलीकडची रांग अलीकडच्या रांगेमागे जाते. की-ड्रॉइंगमध्ये, म्हणजे हालचालीच्या मुख्य टप्प्यांच्या चित्रांत, एक संख्या आणि मधल्या चित्रांत दुसरी झाली, किंवा एखादा पट्टा थोडा सरकला, की पडद्यावर पाठ लुकलुकते. पेन्सिलची कच्ची चित्रं चालवून पाहतात त्या पेन्सिल टेस्टमध्ये हे पकडलं नाही तर सेल, म्हणजे चित्राची पारदर्शक पानं, रंगवून झाल्यावर दुरुस्ती फार महाग पडते. सलग चघळणं एखाद्या छोट्या आवर्तनात, म्हणजे तीच आठ-दहा चित्रं पुन्हा पुन्हा वापरून बसवता येतं, पण मध्ये एखादा गिळण्याचा किंवा बघण्याचा क्षण घातला नाही तर ते यंत्रासारखं दिसतं.

खादाड आणि मंद स्टेगोसॉरस ही प्रतिमाही ब्लूथ यांच्या आधीची. जीवाश्मशास्त्रज्ञ ओ. सी. मार्श यांनी १८७७ मध्ये कोलोरॅडोतल्या मॉरिसनजवळच्या जीवाश्मांवरून या प्राण्याला नाव दिलं. पट्टे पाठीवर कौलांसारखे आडवे बसत असावेत, असं त्यांना सुरुवातीला वाटलं होतं. काही टन वजनाच्या या प्राण्याचा मेंदू अवघा ८० ग्रॅमच्या आसपास. कमरेच्या मणक्यांत मार्श यांना मोठी पोकळी दिसली आणि त्यातून ‘दुसऱ्या मेंदू’ची गोष्ट पसरली. ती खरी नाही. पक्ष्यांमध्येही अशी पोकळी असते आणि तिथे ग्लायकोजेनचा, म्हणजे साखरेच्या एका प्रकाराचा, साठा असतो. तरी ‘निर्बुद्ध स्टेगोसॉरस’ मुलांच्या पुस्तकांत पक्का बसला. स्पाइकमध्ये ती प्रतिमा आहे, पण चित्रपट तिला हसत नाही. तो भुकेला आहे, हळू आहे, आणि कुणाला सोडत नाही. काळाची सरमिसळ मात्र मोठी आहे. स्टेगोसॉरस सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा, तर ज्या टायरॅनोसॉरसच्या भीतीने ही पिल्लं पळतात तो ६.८ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. ही दोघं कधीच भेटली नाहीत.

स्पाइकचं मौन टिकलं, त्याचं बरंचसं श्रेय डकीला जातं. त्याचं नाव ती ठेवते, त्याला काय हवं ते ती सांगते, शेवटी तिच्याच घरचे त्याला आपला म्हणून ठेवून घेतात. डकीचा आवाज होता जुडिथ बार्सी या दहा वर्षांच्या मुलीचा. चित्रपट येण्याच्या चार महिने आधी, जुलै १९८८ मध्ये, तिची घरातच हत्या झाली. दोन पात्रांपुरतं बोलणारा तो आवाज आजही ऐकताना जड जातं.

१९९४ पासून थेट व्हिडिओवर आलेल्या पुढच्या भागांत ब्लूथ नव्हते. २०१६ पर्यंत मालिकेत एकूण १४ चित्रपट झाले, २००७ मध्ये २६ भागांची दूरचित्रवाणी मालिकाही आली. दुसऱ्या चित्रपटापासून स्पाइकचे हुंकार आणि चघळण्याचे आवाज रॉब पॉलसन यांनी दिले. याच भागांपासून पात्रं गाणीही म्हणू लागली आणि शब्द अर्थातच इतर चौघांच्या वाट्याला आले. बऱ्याच भागांत स्पाइक खाण्याच्या विनोदापुरता उरला, ही या मालिकेची खरी हानी. अपवाद २००१ च्या आठव्या चित्रपटाचा. पिल्लं राहतात त्या दरीत स्टेगोसॉरसांचा एक कळप येतो, स्पाइकला आपल्या जातीची मंडळी दिसतात आणि मग हिमवृष्टीने चारा संपतो. त्याच्या घोरण्याला कंटाळलेली डकी त्याच्यावर चिडलेली असते. तो कळपाबरोबर निघतो. जावं की राहावं हा पेच त्याला सांगता येत नाही, तो चालीतून आणि मागे वळून पाहण्यातून दाखवावा लागतो. पहिल्या चित्रपटानंतर त्याला मिळालेलं हे सर्वांत मोठं काम.