उत्तीर्णतेसाठी आवश्यक गुणांची गणना

अभ्यासक्रमाचा काही भाग पार पडल्यावर उरलेल्या परीक्षेत किमान किती गुण मिळाले म्हणजे विद्यार्थी उत्तीर्ण होईल किंवा हवी ती श्रेणी गाठेल, हे आधीच काढण्याची रीत. चाचण्या, गृहपाठ, प्रकल्प, अंतिम परीक्षा अशा घटकांना निकालात वेगवेगळा भारांश (एकूण निकालातील वाटा) असतो, तेथे ती उपयोगी पडते. सगळे गुण एकाच परीक्षेवर असतील, तर काढण्यासारखे काही उरत नाही.

प्रत्येक घटकात पडलेल्या टक्क्यांना त्याच्या भारांशाने गुणून आजवरची कमाई काढतात, ती लक्ष्यातून वजा करतात आणि बाकीला शिल्लक भारांशाने भागतात. समजा, मध्यसत्र परीक्षेला ३० टक्के, गृहपाठाला २० टक्के व अंतिम परीक्षेला ५० टक्के भारांश आहे आणि उत्तीर्ण होण्यास एकूण ५० टक्के लागतात. मध्यसत्रात ३५ टक्के व गृहपाठात ८० टक्के मिळाले, तर पदरात १०.५ आणि १६ मिळून २६.५ पडले. उरलेले २३.५ अंतिम परीक्षेच्या ५० मधून आणायचे, म्हणजे तेथे ४७ टक्के हवेत. प्रश्नपत्रिका ८० गुणांची असेल, तर हे ३७.६ गुण होतात. अपूर्णांक मिळत नसेल तर ३८ धरावेत, ३७ धरून चालत नाही. याच विद्यार्थ्याला एकूण ७५ टक्के हवे असतील, तर अंतिम परीक्षेत ९७ टक्के लागतील. ८० साठी उत्तर १०७ येते, अर्थात ते लक्ष्य हातचे गेले. उत्तर शून्य किंवा ऋण आले, तर बेरजेपुरते उत्तीर्ण होणे आधीच साधलेले असते.

आकडेमोड एवढीच आहे. चुका होतात त्या बहुधा नियम वाचताना. ३५ आणि ८० यांची सरळ सरासरी ५७.५ येते, पण भारांश न धरल्यामुळे ती निरुपयोगी. भारांश धरून झालेल्या कामाची सरासरी ५३ टक्के निघते आणि ती पाहून विद्यार्थी आपण सुटलो असे समजतो; प्रत्यक्षात अंतिम परीक्षेला बसला नाही, तर त्याच्या नावावर २६.५ च राहतात. दुसरी अडचण स्वतंत्र किमान गुणांची. मध्यसत्रात ८० व गृहपाठात ९० टक्के मिळवणाऱ्याला वरील सूत्राने अंतिम परीक्षेत अवघे १६ टक्के पुरतात. मात्र त्या परीक्षेत वेगळे ४० टक्के सक्तीचे असतील, तर ४० च मिळवावे लागतात. अनेक चाचण्यांपैकी सर्वांत कमी गुणांची एक वगळण्याची सवलत असेल, तर ती आधी वगळून मगच कमाई मोजायची.

दोन घटक बाकी असतील, तर एकच उत्तर निघत नाही. एकात किती मिळतील याचा अंदाज धरून दुसऱ्याचे गुण काढतात. स्प्रेडशीटमध्ये आकडे बदलत असे अनेक पर्याय झटपट पाहता येतात.

श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत भारांशाच्या जागी प्रत्येक विषयाचे श्रेयांक येतात. ६० श्रेयांकांवर १० पैकी सरासरी ६.२ असलेल्या विद्यार्थ्याला ८० श्रेयांकांअखेर ६.५ गाठायची असेल, तर ५२० (८० × ६.५) मधून ३७२ (६० × ६.२) वजा जाता १४८ उरतात. शेवटच्या २० श्रेयांकांवर ७.४ ची सरासरी लागते. त्याने तेथे १० पैकी १० मिळवले, तरी एकूण सरासरी ७.१५ च्या वर जात नाही.