थंडीची मरगळ की सीझनल डिप्रेशन?

डिसेंबर लागला की आपल्या जळगाव-धुळ्याकडे निम्मी जनता सुस्तावते, गोधडीतून निघवत नाही, अंघोळ नको, काम नको, आणि दोन रील बघून कोणीतरी ठरवूनच टाकतं की मला विंटर डिप्रेशन झालंय. बहुतेक वेळा ती नुसती मरगळ असते. पण काहींना खरंच आजार असतो आणि घरचे त्यांना आळशी म्हणून मोकळे होतात, ते जास्त वाईट.

मरगळवाल्याला कोणी फोन केला की भो, मळ्यात भरीत लावलंय, ये, तर तो मफलर गुंडाळून गाडीला किक मारतो, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून होईपर्यंत त्याच्या गप्पा सुरू झालेल्या असतात. डिप्रेशनवाला एकतर येत नाही, आला तरी कोपऱ्यात बसतो, आवडीचं ताटात असून त्याला त्याचं काही वाटत नाही. हे एखाद्या दिवसाचं नसतं, किमान दोन आठवडे, जवळपास रोज. झोप वाढते तरी थकवा जात नाही, गोड आणि भात-पोळीच खावीशी वाटते, वजन वाढतं.

1984 साली मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत या सीझनल डिप्रेशनचं वर्णन केलं. डॉक्टर याला वेगळा आजार धरत नाहीत, डिप्रेशनचाच ऋतूप्रमाणे येणारा प्रकार मानतात, आणि किमान दोन वर्षं लागोपाठ त्याच मोसमात आला आणि मोसम सरल्यावर गेला तरच तसं म्हणतात. दरवर्षी थंडीत कापसाचा भाव पडला, सावकार दारात आला म्हणून माणूस खचत असेल तर ते यात बसत नाही, कारण तिथं कारण ऋतू नाही, पैसा आहे. म्हणून ते हलकं असतं असं नाही, मदत त्यालाही लागतेच.

मुख्य संशय उजेडावर. स्टॉकहोमला डिसेंबरात दिवस जेमतेम 6 तासांचा, आपल्याकडे सगळ्यात लहान दिवसही 10 तास 50 मिनिटांच्या आसपास, त्यामुळे ऊन कमी म्हणायला आपल्याला तोंड नाही. पण रब्बीत मोटारीची थ्री फेज लाईट रात्री येते, गव्हाला पाणी भरून माणूस पहाटे आडवा होतो ते दुपारी उठतो, त्याचा सकाळचा उजेड गेलाच ना. दुकानात ट्यूबलाईटखाली बसणाऱ्याचंही तेच.

मरगळीला सकाळी अर्धा तास गच्चीवर नाहीतर शेताच्या बांधावर फिरणं बहुतेकदा पुरतं. खऱ्या आजारात सकाळी 10,000 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) दिव्यासमोर अर्धा तास बसवतात, घरातल्या उजेडात एवढे लक्स कधीच नसतात, शिवाय समुपदेशन आणि गरज पडली तर गोळ्या. बायपोलरचा, म्हणजे कधी डिप्रेशन तर कधी उन्माद असा त्रास असलेल्यांनी दिवा डॉक्टरला विचारूनच घ्यावा, त्याने उन्माद चढू शकतो. आणि आधी थायरॉईड, हिमोग्लोबिन तपासा, कारण त्यातही माणूस असाच गळून जातो.

जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर होळीपर्यंत ऊन तापायची वाट बघू नका, सरकारच्या टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा 14416 नंबर फुकट आहे आणि रात्री मोटारीपाशी बसल्या बसल्याही लागतो.