कॅबिनेटमधला वारा आणि आपला उन्हाळा

मे महिन्यात यवतमाळ-वर्ध्याकडच्या एखाद्या खेड्यातल्या सेवा केंद्रात शिरलात, तर कॉम्प्युटरच्या कॅबिनेटची एक बाजू काढून भिंतीला टेकवलेली दिसेल आणि उघड्या मशीनसमोर टेबलफॅन फिरत असेल. वर टिनाचं छत, बाहेर 45 अंश. दाखला छापायच्या आत मशीन बंद पडू नये म्हणून केलेली ही सोय. अशी मशीनं दुरुस्त करताना मला कायम वाटत आलंय, की कॅबिनेट आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आपला उन्हाळा कधी नव्हताच. मागची चाळीसेक वर्षं चाळली की ते पटतं.

आयबीएमचा पहिला पीसी ऑगस्ट 1981 चा. त्यातल्या 4.77 मेगाहर्ट्झच्या 8088 प्रोसेसरवर, म्हणजे सगळी आकडेमोड करणाऱ्या मुख्य चिपवर, पंखा नव्हता, हीटसिंक म्हणजे उष्णता शोषून हवेत सोडणारा पात्यापात्यांचा धातूचा ठोकळाही नव्हता. मशीनला वीज पुरवणाऱ्या 63.5 वॅटच्या डब्यात, म्हणजे पॉवर सप्लायमध्ये, एक पंखा होता, तोच अख्ख्या मशीनची गरम हवा मागून बाहेर काढायचा. त्याच्या तांत्रिक पुस्तिकेत मशीन चालवताना खोलीचं तापमान साधारण 16 ते 32 अंश असावं असं दिलं आहे, आणि बंद मशीनसाठी कमाल 43. अकोला, चंद्रपूर किंवा ब्रह्मपुरीच्या मे महिन्यात ते मशीन चालवणं सोडाच, नुसतं घरात ठेवणंही या हिशेबात बसत नाही.

पुढची दहाएक वर्षं उष्णतेचा प्रश्न फारसा आलाच नाही. तो आला 1993 च्या पेंटियमपासून. 60 आणि 66 मेगाहर्ट्झचे ते पहिले पेंटियम 5 व्होल्टवर चालत आणि 15 वॅटच्या आसपास उष्णता सोडत. प्रोसेसरच्या डोक्यावर हीटसिंक आणि छोटा पंखा बसवणं तेव्हापासून नेहमीचं झालं.

1995 मध्ये पेंटियम बनवणाऱ्या इंटेलने एटीएक्स रचना आणली, म्हणजे कॅबिनेटमध्ये कुठला भाग कुठे बसवायचा याची ठरलेली मांडणी. आजचे बहुतेक डेस्कटॉप तिच्याच वंशातले. तिच्या मूळ आखणीत पॉवर सप्लायच्या पंख्याने बाहेरची हवा आत ओढून प्रोसेसरवर सोडायची होती. पण पॉवर सप्लाय स्वतःच तापतो, म्हणजे प्रोसेसरला मिळणारी हवा आधीच गरम झालेली. मग पंख्याची दिशा उलटी झाली आणि तो पुन्हा हवा बाहेर टाकू लागला.

खरी कसोटी 2004 मध्ये लागली. पेंटियम 4 च्या ‘प्रेस्कॉट’ पिढीची उष्णता शंभर वॅटपर्यंत आणि काही प्रकारांत त्याहीपुढे गेली. त्या काळातल्या असेंबल्ड मशीनच्या बाजूच्या पत्र्याला प्रोसेसरसमोर एक प्लॅस्टिकची पुंगळी असायची, ती अनेकांना आठवत असेल. ती शोभेची नव्हती. इंटेलच्या मार्गदर्शनानुसार खोली 35 अंशांची असताना प्रोसेसरच्या पंख्यात शिरणारी हवा 38 च्या वर जायला नको होती, आणि ती पुंगळी बाहेरची हवा थेट तिथे पोहोचवायची. एमएस-सीआयटी या कॉम्प्युटर कोर्सच्या क्लासेसमुळे कॉम्प्युटर तालुक्याच्या गावी पोहोचत होते तो हाच काळ. पण आपल्या खोलीत 35 अंश मार्चमध्येच ओलांडले जातात.

इथे एक साधा हिशेब आहे. पंखा हवेला थंड करत नाही, फक्त हलवतो. समजा प्रोसेसर खोलीपेक्षा 45 अंशांनी जास्त तापतो. खोली 25 ची असेल तर तो 70 वर राहील. खोली 44 ची झाली की तोच 89 वर. आजचे बरेच प्रोसेसर 95 ते 100 च्या आसपास स्वतःच वेग कमी करतात, त्यामुळे भर दुपारी मशीन ‘स्लो’ होतं आणि लोक व्हायरस शोधत बसतात.

इंटेलने 2003 मध्ये बीटीएक्स नावाची रचना जाहीर केली होती. तिच्यात हवा समोरून शिरून सरळ प्रोसेसरवरून मागे जायची. मला ती आजही आवडते. पण 2006 मध्ये कमी तापणारे कोअर 2 प्रोसेसर आले आणि इंटेलने बीटीएक्सचा नाद सोडला. सरळ वाटेची कल्पना मात्र टिकली: समोर जाळी, मागे आणि वर हवा बाहेर टाकणारे पंखे, पॉवर सप्लाय खाली. 80 मिलिमीटरच्या जागी 120 चे पंखे आले. त्यांचं क्षेत्रफळ सव्वादोन पट, म्हणून कमी फेऱ्यांत आणि कमी आवाजात तेवढीच हवा जाते.

ही वाट आपल्याला नवी नाही. खिडकीत कूलर लावला की समोरचं दार उघडं ठेवावं लागतं, नाही तर खोली नुसती दमट होते, हे आपल्याकडच्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. कॅबिनेटचंही तसंच. आत येणाऱ्या हवेला बाहेर जायला जागा हवी, आणि मधे वायरींचा गुंता नको.

बाजू काढून टेबलफॅन लावल्याने तापमान उतरतं, हे मी नाकारत नाही. पण त्याच वाऱ्यासोबत फुफाटा आणि कापसाची तूस थेट आत जाते. जिनिंगजवळच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांजवळच्या गावांत हीटसिंकच्या पात्यांमध्ये अक्षरशः गादीसारखा थर निघतो. कूलरचा झोत थेट मशीनवर घेतला तर ओलीमुळे तो थर चिकटून बसतो आणि ब्लोअरनेही निघत नाही. त्यापेक्षा समोर जाळीचा फिल्टर लावावा आणि आत ओढणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा थोडे जास्त ठेवावेत. मग हवा फटींतून न शिरता बहुतांशी फिल्टरमधूनच येते.

कापसाचा हंगाम उतरणीला लागतो आणि ऊन चढू लागतं, त्या गुढीपाडव्याच्या सुमारास मी ओळखीच्या केंद्रांतली कॅबिनेटं उघडतो. पंख्याचं पातं बोटाने धरून ब्लोअर मारायचा, प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावायची आणि काढलेली बाजू पुन्हा स्क्रूने बसवायची.