रबाळ्याचं पाणी कोणाला?

नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोलीहून रबाळ्यामार्गे तुर्भ्याकडे निघालं की जवळपास खिडक्याच नसलेल्या मोठ्या इमारती दिसतात. ही डेटा सेंटर्स, म्हणजे इंटरनेटवरची माहिती साठवणाऱ्या सर्व्हर संगणकांची कोठारं. शेजारी 1960च्या दशकापासून वाढलेला रासायनिक पट्टा. जमीन, वीज, पाणी मोजकंच. मग प्राधान्य कोणाला द्यायचं?

उलाढाल बघून ठरवणं सोपं, पण फसवं. 1958मध्ये अर्थतज्ज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी दुव्यांचा निकष मांडला: उद्योग मागे कोणाकडून माल घेतो आणि पुढे कोणाला पुरवतो? रसायनांच्या कारखान्याला ड्रम, टँकर, बॉयलर दुरुस्त करणारे हवेत. त्याचा माल पुढे रंगांत, औषधांत जातो.

हे दुवे मोजता येतात ते अर्थतज्ज्ञ वासिली लिओंटिएफ यांच्या इनपुट-आउटपुट तक्त्याने: कोणता उद्योग कोणाकडून किती माल घेतो, याची मांडणी. त्यासाठी त्यांना 1973चं नोबेल मिळालं. समजा, 100 रुपयांच्या मालाला 40 रुपयांचा कच्चा माल लागतो, त्या 40च्या मालाला पुन्हा 16चा, त्याला 6 रुपये 40 पैशांचा. साखळी शेवटपर्यंत जोडली तर एकूण उत्पादन सुमारे 167 रुपये होतं. आता प्रत्येक टप्प्यावर यातला निम्मा कच्चा माल परदेशातून आणा. बेरीज 125वर घसरते. उलाढाल तीच, देशातला फायदा कितीतरी कमी. डेटा सेंटरचे सर्व्हर बहुतांशी आयात केलेले असतात आणि बांधकाम संपल्यावर तिथे माणसंही थोडीच लागतात. उद्घाटनाच्या भाषणांत हे सहसा येत नाही.

म्हणून रसायनांना झुकतं माप द्यावं का? तेवढंही सरळ नाही. लिओंटिएफ यांनीच 1970मध्ये प्रदूषणाला तक्त्यात जागा दिली. रुपयामागे किती पाणी, किती वीज, किती सांडपाणी, हेही मांडलं की क्रम उलटापालटा होतो. रसायनांचं सांडपाणी नीट शुद्ध झालं नाही तर भार पडतो ठाणे खाडीवर, आणि ती 2022पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. डेटा सेंटर त्या बाबतीत स्वच्छ, पण वीज चोवीस तास खाणारं.

माझ्या मते उद्योगाच्या नावावरून क्रम लावूच नये, कारण तक्त्यातले आकडे बदलता येतात. नवी मुंबई महापालिकेने शुद्ध केलेलं सांडपाणी एमआयडीसीतल्या उद्योगांना पुरवायचं ठरवलं. कारखाना तोच, माल तोच. पिण्याच्या पाण्याचा रकाना मात्र हलका होतो.