प्रोबायोटिक : प्रतिकारशक्ती, आजार आणि कोल्हापूरकडचं ताक-आंबील

पुरेशा प्रमाणात पोटात गेल्यावर शरीराला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी ही व्याख्या २००१ मध्ये केली, आजही जवळपास तीच चालते.

कल्पना मुळात कुणाची यावर एकमत नाही. श्रेय सहसा रशियन शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफला देतात, त्याने १९०७ च्या सुमारास बल्गेरियातलं दही आणि दीर्घायुष्य यांचा संबंध मांडला. त्याचं १९०८ चं नोबेल मात्र जंतू गिळणाऱ्या पेशींवरच्या कामाला होतं, दह्याला नाही, इथे बऱ्याच लेखांत गल्लत होते. त्या बल्गेरियन दह्यातला जिवाणू १९०५ मध्ये स्टामेन ग्रिगोरोवने शोधला होता आणि त्याच्याही आधी, १९०० च्या आसपास, पॅरिसच्या आंरी तिसिएला अंगावर पिणाऱ्या बाळांच्या विष्ठेत बिफिडो जिवाणू सापडले, जुलाब होणाऱ्या मुलांना ते द्यावेत असं त्याने सुचवलं. आजच्या अर्थाशी तिसिएचं म्हणणं जास्त जुळतं. पुढे १९२० च्या सुमारास रेटगर आणि चेपलिन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखवलं की बल्गेरियन जिवाणू माणसाच्या आतड्यात टिकतच नाही, आताही बहुतेक प्रोबायोटिक घेणं थांबवलं की थोड्या दिवसांत निघून जातात असंच दिसतं.

प्रतिकारशक्तीशी संबंध येतो तो आतड्याच्या भिंतीमुळे, शरीराच्या प्रतिकारक पेशींचा मोठा हिस्सा तिथेच असतो. हे जिवाणू रोगजंतूंची जागा आणि अन्न अडवतात, आम्ल तयार करतात, भिंतीतले सांधे घट्ट ठेवायला आणि आयजीए प्रतिपिंडं (आतड्याच्या आतल्या पृष्ठभागाचं रक्षण करणारी प्रथिनं) वाढायला मदत करतात. पण हे गुण त्या त्या स्ट्रेनचे (एकाच जातीतल्या वेगवेगळ्या वाणांचे) असतात, एकाचा पुरावा दुसऱ्याला लावता येत नाही.

कोल्हापुरात घरोघरी दही-ताक असतं आणि सौंदत्तीची यात्रा झाल्यावर ओढ्यावरच्या रेणुकेला आंबील यात्रेत आंबील-घुगऱ्यांचा नैवेद्य असतो. आंबील ज्वारीचं किंवा नाचणीचं पीठ आंबवून शिजवतात, म्हणजे उकळताना जिवाणू मरतात आणि व्याख्येप्रमाणे ते प्रोबायोटिक उरत नाही. तरी आंबवल्याने धान्यातलं फायटेट (लोहाला धरून ठेवणारा घटक) कमी होतं, लोह शोषायला सोपं जातं, हा फायदा खरा आहे आणि तो कमी लेखू नये. कढी उकळतानाही जिवाणू मरतात. घरच्या दह्यात जिवाणू जिवंत असतात पण कुठले आणि किती हे विरजणाप्रमाणे बदलतं. बाजारात प्रोबायोटिक म्हणून विकायच्या पदार्थात रोजच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत असा भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे.

आजारांत सगळ्यात भक्कम पुरावा अँटिबायोटिकमुळे होणाऱ्या जुलाबांचा. तिथे सॅकरोमायसिस बोलार्डी उपयोगी, ते यीस्ट (बुरशीच्या वर्गातलं) असल्याने अँटिबायोटिकने मरत नाही. ओडिशातल्या खेड्यांत ४,५०० हून जास्त नवजात बाळांवर झालेल्या चाचणीत (२०१७) लॅक्टोबॅसिलस प्लांटारम आणि त्याचं खाद्य दिल्यावर सेप्सिस (अंगभर पसरणारा गंभीर जंतुसंसर्ग) व मृत्यू मिळून सुमारे ४० टक्क्यांनी घटले, भारताच्या दृष्टीने हे फार मोलाचं काम आहे. उलट २०१८ च्या उत्तर अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्यांत मुलांच्या गॅस्ट्रोला काही फरक पडला नाही. ओडिशातली बाळं पूर्ण किंवा जवळपास पूर्ण दिवसांची, धडधाकट होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत आणि आयसीयूतल्या पेशंटमध्ये हेच जिवाणू क्वचित रक्तात उतरून गंभीर संसर्ग करतात, त्यामुळे तिथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोबायोटिकची पुडी देऊ नये.