वाद, हुज्जत आणि नारळ: रोजच्या युक्तिवादाची मराठवाड्यातली पार्श्वभूमी

उन्हाळा तोंडावर आला की गावोगाव बोअरच्या गाड्या फिरायला लागतात आणि चहाच्या हॉटेलातल्या बाकावर हे असं बोलणं ऐकू येतं.

"दाजी, आधी पाणाड्याला बोलवा. नारळ उभा राहिला की तिथंच मारा बोअर."

"कशावरून म्हणता?"

"कशावरून म्हंजे? आमच्या चुलत्याच्या वावरात त्यानंच जागा दाखवली. लागलं की पाणी!"

पाणाड्या म्हणजे जमिनीखालचं पाणी कुठे आहे ते सांगणारा; तळहातावर आडवा धरलेला नारळ उभा राहिला की खाली पाणी, असं तो सांगतो. एवढ्या बोलण्यात एक पुरा युक्तिवाद आहे. दावा असा, की नारळ उभा राहील तिथे पाणी लागेल. कारण असं, की चुलत्याच्या वावरात ते लागलं. या दोहोंच्या मधे एक वाक्य आहे, ते मात्र कुणीच बोललेलं नाही: चुलत्याला पाणी लागलं ते नारळामुळे, आणि एका वावरात जे झालं ते दुसऱ्यातही होईल. दाजी कर्ज काढून बोअर मारणार आहेत ते या न बोललेल्या वाक्याच्या भरवशावर.

दावा कोणता, कारण कोणतं आणि गृहीत काय धरलं आहे, हे रोजच्या बोलण्यातून वेगळं काढणं म्हणजे चिकित्सक विचाराची पहिली पायरी. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या विचारावर भर दिला, तेव्हापासून शाळा-कॉलेजांत त्याची चर्चा वाढली आहे. ही विद्या आपल्याला नवी आहे असं अनेकांना वाटतं. पण तिचा एक फार जुना धागा मराठवाड्याच्याच डोंगरात सापडतो.

अजिंठ्याची लेणी आपण चित्रांसाठी पाहतो. ज्या परंपरेतले भिक्षू तिथे राहिले, ती वाद करणाऱ्यांची परंपरा होती. बौद्ध तर्कशास्त्राचा पाया घालणारा दिङ्नाग मूळचा दक्षिणेतला, कांचीच्या परिसरातला. सातव्या शतकात भारतात आलेल्या चिनी प्रवासी ह्युएन त्संगने महाराष्ट्राच्या डोंगरातल्या एका विहाराचं वर्णन केलं आहे आणि दिङ्नागाच्या तिथल्या वास्तव्याचा उल्लेखही केला आहे. तो विहार म्हणजे अजिंठा, असं अभ्यासक मानतात.

दिङ्नागाच्या आधी न्यायदर्शनाने, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनाने, अनुमानाचे पाच अवयव सांगितले होते: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर आग आहे. कारण धूर दिसतो. जिथे धूर तिथे आग, जशी स्वयंपाकघरात. या डोंगरावर तसाच धूर आहे. म्हणून तिथे आग आहे. रोज बोलताना आपण यातले दोनच अवयव उच्चारतो आणि बाकीचे ऐकणाऱ्यावर सोडतो. तिसऱ्या अवयवात दडलेली 'जिथे धूर तिथे आग' ही व्याप्ती, म्हणजे कारणाला दाव्याशी जोडणारा नियम, सगळ्यात महत्त्वाची, आणि बोलण्यात गाळली जाते तीही तीच.

व्याप्ती खरी की खोटी हे तपासण्यासाठी दिङ्नागाने हेतूला, म्हणजे दिलेल्या कारणाला, तीन अटी घातल्या. नारळाला त्या लावून पाहू. पहिली अट: ज्या जागेबद्दल बोलतो आहोत, तिथे ते कारण खरोखर असायला हवं. नारळ तिथे उभा राहिला, हे सगळ्यांनी पाहिलं, ठीक. दुसरी अट: जिथे पाणी असल्याचं माहीत आहे अशा ठिकाणीही ते आढळायला हवं. चुलत्याचं वावर, हेही ठीक. तिसरी अट: जिथे पाणी नाही तिथे ते आढळता कामा नये. नारळ या अटीपाशी अडकतो. ज्या जागी नारळ उभा राहिला आणि बोअरमधून नुसता धुरळा निघाला, त्या जागा हॉटेलातल्या गप्पांत येतच नाहीत. बोअर फेल गेलेला माणूस मुकाट्याने हप्ते भरत राहतो. पाणी लागलेला दहा जणांना सांगतो. आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी सलग पसरलेलं नसतं, ते भेगांमध्ये आणि झिजलेल्या मुरमाड थरांत साठतं. त्यामुळे एका बोअरला धो धो पाणी आणि हाकेच्या अंतरावरचा कोरडा, हे नेहमीचं आहे. दीड हजार वर्षांपूर्वी सांगितलेली ही तिसरी अट आज गावातल्या प्रत्येक लेकराला शिकवावी, असं मला मनापासून वाटतं. माणूस सगळ्यात जास्त फसतो तो तिथेच.

न्यायदर्शनाने बोलण्याच्या उद्देशावरून चर्चेचेही प्रकार केले होते. सत्य शोधायला दोघे बसतात तो वाद. काहीही करून जिंकण्यासाठी बोलतात तो जल्प. स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं फक्त खोडत राहणं ही वितंडा. आज मराठीत 'वाद' म्हणजे भांडण. 'वितंडवाद' हा शब्द आपण वापरतो, पण त्यामागची नेमकी तक्रार विसरून गेलो आहोत.

दुसऱ्या एका शब्दाचंही असंच झालं. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेऱ्यांची भाषा आधी फारसी आणि पुढे उर्दू होती. अरबीतून फारसीत आणि तिथून मराठीत आलेल्या 'हुज्जत' या शब्दाचा मूळ अर्थ पुरावा, प्रमाण. आपण मात्र 'हुज्जत घालू नको' म्हणतो ते उगाच तंटा करणाऱ्याला. एक शब्द संस्कृतातून आला, एक अरबीतून, आणि मराठीत दोघांचाही शेवट भांडणात झाला. कारण मागणं म्हणजे भांडण उकरणं, अशी आपली समजूत किती खोल गेली आहे, ते या दोन शब्दांवरून कळतं. बाकावरच्या "कशावरून म्हणता?" या प्रश्नाला चढ्या आवाजात उत्तर मिळतं, त्याचं मूळ इथे आहे.

तेराव्या शतकात हा विचार मराठीत बोलायला लागला. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींचा वावर पैठण आणि गोदाकाठच्या परिसरात होता. त्यांच्या निरूपणातल्या दृष्टांतांवरून त्याच पंथातल्या केसोबासांनी 'दृष्टांतपाठ' सिद्ध केला. त्यात 114 दृष्टांत आहेत. त्याची मांडणी बघण्यासारखी आहे. आधी सूत्र, म्हणजे सांगायचं ते. मग दृष्टांत, म्हणजे व्यवहारातली गोष्ट. आणि मग दार्ष्टांतिक, म्हणजे ही गोष्ट त्या सांगण्याला कशी लागू होते त्याचा उलगडा. हत्ती चाचपून पाहणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट या ग्रंथात येते, तीही याच चौकटीत.

दार्ष्टांतिक ही फार मोठी शिस्त आहे. आपण गोष्ट सांगतो आणि थांबतो. "अमक्याचा पोरगा शिकून घरीच बसला," म्हटलं की शिक्षण वाया जातं हे जणू सिद्धच झालं. तो पोरगा आणि तुमची पोरगी यांच्यात काय सारखं आहे, हे सांगायची जबाबदारी बोलणारा घेत नाही आणि ऐकणारा मागत नाही.

पैठणचेच एकनाथ (1533–1599) या बाबतीत फार तयारीचे होते. धर्मग्रंथ मराठीत आणू नयेत म्हणणाऱ्यांचा आधार असा, की संस्कृत ही देवाने केलेली भाषा. 1573 मध्ये पूर्ण झालेल्या 'एकनाथी भागवता'त त्यांनी उलट विचारलं: संस्कृत देवाने केली, तर प्राकृत काय चोरांनी केली? दिसायला हा प्रश्न आहे, पण त्यात पक्का दावा आहे. समोरच्याचंच कारण उचलायचं, शेवटापर्यंत न्यायचं आणि ते कुठे येऊन कोसळतं ते दाखवायचं. भाषेचा कर्ता देव असेल, तर तो सगळ्याच भाषांचा आहे. त्यांच्या हिंदू-तुर्क संवादात दोन धर्मांची माणसं एकमेकांच्या आचारविचारांतल्या विसंगती रोखठोक काढतात आणि तरीही शेवट समेटाने होतो. सोळाव्या शतकात, गोदेच्या काठावर असा संवाद लिहिला गेला, याचा मला फार अभिमान वाटतो.

युरोपात ॲरिस्टॉटलने गाळलेल्या विधानाच्या अनुमानाची चर्चा करून ठेवली होती. पण नंतर तिकडचं तर्कशास्त्र गणिताच्या वाटेने बरंच पुढे गेलं आणि रोजच्या बोलण्यापासून लांब झालं. 1958 मध्ये ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी म्हटलं, की युक्तिवादाचा नमुना भूमितीत शोधू नका, न्यायालयात शोधा. दावा, आधार आणि आधारावरून दाव्याकडे जाण्याची परवानगी देणारा नियम, असे त्यांनी भाग पाडले. हा नियम म्हणजे आपल्या व्याप्तीचा जवळचा नातेवाईक. अमेरिकेत तर्कशास्त्र शिकवणाऱ्या हॉवर्ड कहेन यांना वर्गात एका विद्यार्थ्याने विचारलं, की तर्कशास्त्राच्या या चिन्हांचा व्हिएतनाम युद्धाच्या निर्णयाशी काय संबंध? त्यातून 1971 मध्ये वर्तमानपत्रांतल्या आणि भाषणांतल्या युक्तिवादांवर त्यांचं पुस्तक आलं. 1978 मध्ये कॅनडातल्या विंडसर विद्यापीठात अनौपचारिक तर्कशास्त्राची, म्हणजे रोजच्या भाषेतले युक्तिवाद तपासणाऱ्या शास्त्राची, पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. जगभरची आजची पाठ्यपुस्तकं या वाटेवरची आहेत.

मराठवाड्यात आधुनिक काळातला सगळ्यात मोठा टप्पा मी औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) मिलिंद महाविद्यालयाला मानतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये ते सुरू केलं. परिसराचं नाव नागसेनवन. ही दोन्ही नावं 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथातली: ग्रीक राजा मिलिंद प्रश्न विचारतो आणि भिक्षू नागसेन उत्तरं देतो. त्यात चर्चा सुरू होण्याआधीच नागसेन एक अट घालतो. पंडितांसारखं बोलणार असाल तर बोलू, राजांसारखं बोलणार असाल तर नाही. पंडितांच्या चर्चेत मांडलेलं उलगडतं, खोडलं जातं, चूक झाली तर ती कबूल होते आणि कुणी रागावत नाही. राजा एक बाजू धरतो आणि जो विरोधात बोलेल त्याला शिक्षा फर्मावतो. ज्यांच्या घराण्यात कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, अशी मुलं या नावाच्या कॉलेजात शिकली.

1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. त्याला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने केला आणि त्यानंतर मराठवाड्यातल्या गावांमध्ये दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली. राजांसारखं बोलणं म्हणजे काय, ते या भूमीने तेव्हा पाहिलं. 14 जानेवारी 1994 रोजी नाव बदललं, तेव्हा 'मराठवाडा' शब्द कायम ठेवून आधी बाबासाहेबांचं नाव जोडलं गेलं. सरकारी शब्द 'नामांतर' ऐवजी 'नामविस्तार' असा झाला. वादातला शब्द कोण निवडतो याला किती वजन असतं, त्याचा याहून जवळचा दाखला मला माहीत नाही.

या सगळ्या ग्रंथांच्या आणि संस्थांच्या शेजारी, बायाबापड्यांच्या तोंडी, चुकीच्या युक्तिवादांची नावं केव्हापासून तरी आहेतच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, म्हणजे एकापाठोपाठ घडलं म्हणून एकामुळे दुसरं घडलं असं मानणं. वडाची साल पिंपळाला, म्हणजे इथलं कारण भलत्याच दाव्याला चिकटवणं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, म्हणजे नियम एकच पण लावायचा सोयीने. साप साप म्हणून भुई धोपटणं, म्हणजे समोरच्याने जे म्हटलंच नाही त्यावर तुटून पडणं.

शितावरून भाताची परीक्षा ही मात्र या म्हणींतली योग्य रीत, आणि पाणाड्यावर विसंबणारे नकळत तिचाच आधार घेतात. भात एकाच भांड्यात, एकाच आचेवर, एकाच पाण्यात शिजतो, म्हणून एक शीत पुरतं. शेजारशेजारच्या दोन वावरांखालचा काळा पाषाण तसा एका भांड्यातला नसतो.