खाली जाळी, वर भिंत: व्हेनिसचा डोजे राजवाडा

व्हेनिसच्या उथळ खाडीच्या काठावरचा डोजे राजवाडा पाहिला की पहिली शंका येते ती इमारत उलटी बांधली की काय, अशी. चिरेबंदी खाली आणि हलकं काम वर, हा जगभरचा रिवाज. इथे तळाला कमानींची मोकळी ओवरी आहे, तिच्यावर जाळीदार सज्जा, आणि त्यांच्या डोक्यावर पांढऱ्या-गुलाबी दगडांनी मढवलेली प्रचंड भिंत.

व्हेनिस तेव्हा स्वतंत्र प्रजासत्ताक होतं, आणि डोजे म्हणजे त्याचा निवडून आलेला प्रमुख. पण वाडा त्याच्या एकट्याचा नव्हता. कचेऱ्या, न्यायालयं, तुरुंग, सगळं इथेच होतं. महापरिषदेचे, म्हणजे इथल्या सरदार घराण्यांच्या मोठ्या सभेचे, सभासद वाढत गेले, तेव्हा १३४० मध्ये नव्या सभागृहाचा ठराव झाला. मग १३४८ चा प्लेग आला आणि काम रेंगाळलं. तिथली पहिली सभा १४१९ मध्ये भरली.

हे दालन सुमारे ५३ मीटर लांब, २५ मीटर रुंद आहे आणि मधे एकही खांब नाही. ही करामत छतातल्या लाकडी कैच्यांची, म्हणजे त्रिकोणी चौकटींची. कैचीतले दोन तिरके वासे भाराखाली पाय फाकवू पाहतात, आणि खालची आडवी तुळई त्यांना ताणून धरते. त्यामुळे छत भिंतींना बाहेर ढकलत नाही, भार सरळ खाली उतरतो. दगडी घुमट-कमानींचं छत घातलं असतं तर एवढ्या रेट्याला तोंड द्यायला भिंती अवाढव्य कराव्या लागल्या असत्या. व्हेनिसच्या गाळाला ते वजन झेपणारं नव्हतं. या शहरातल्या अनेक इमारती चिखलात ठोकलेल्या लाकडी मेखांवर उभ्या आहेत. पाण्याखालच्या गाळात प्राणवायू जवळजवळ नसतो, त्यामुळे ते लाकूड फार सावकाश कुजतं.

खालच्या कामाची नजाकतही हिशेबी आहे. ओवरीच्या दर एका कमानीवर सज्ज्यात दोन कमानी येतात, म्हणजे भार जास्त खांबांत वाटला जातो. सज्ज्यातली चार पाकळ्यांची नक्षी वाटते शोभेची, पण ती खांबांच्या बरोबर माथ्यावर बसवलेली आहे आणि वरचं ओझं प्रत्यक्ष पेलते. कमानींना एकमेकींपासून सरकू न देणाऱ्या पट्ट्या नजरेला खुपतात, पण मला त्यांचं कौतुकच वाटतं. भुसभुशीत जमिनीवर त्यांच्यावाचून गत्यंतर नव्हतं.

१५७७ च्या आगीत सभागृह जळालं. आंद्रेआ पॅलाडिओ या नामवंत वास्तुविशारदाचा कल नव्याने बांधण्याकडे होता, पण जुनं रूपच राखायचं ठरलं. पुढे रिआल्तो पूल बांधणाऱ्या आंतोनिओ दा पोंतेने ते काम पार पाडलं.

तिथे गेलात तर ओवरीचे खांब जरा आखूड वाटतील. शतकानुशतकं वाड्यासमोरच्या चौकाची फरशी उंच होत गेली आणि खांबांच्या बैठका तिच्याखाली गाडल्या गेल्या.